झुलू : आभाळाची माणसं आणि 'रिकामी' जमीन

लान्स क्लुसनर आठवतोय? १९९६ साली ईडन गार्डन्सवर पदार्पणाच्या कसोटीत दुसऱ्या डावात ६४ धावांत आपल्या ८ जणांना तंबूत पाठवणारा, आणि १९९९च्या वर्ल्ड कपमध्ये मालिकावीर ठरलेला. त्याचं टोपणनाव 'झुलू'. स्वतः गोरा, पण उसाच्या मळ्यांत वाढलेला आणि झुलू भाषा अस्खलित बोलणारा, म्हणून हे नाव पडलं. आपल्याकडे बहुतेकांची झुलूंशी ओळख इथेच संपते. फार तर ढाल-भाले घेऊन धावून येणारे, इंग्रजी सिनेमातले काळे लोक.

गेले काही वीकेंड मी या लोकांच्या इतिहासात डोकं घालून बसलोय. सुरुवात केली ती लढायांसाठी (कोण नाही करत?), पण अडकलो भलत्याच ठिकाणी. हा इतिहास लिहिला कोणी, आणि त्या लिहिण्यामुळे कोणाची जमीन गेली? तेच आज सांगायचंय. लेख जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

मुलूख कसा आहे

दक्षिण आफ्रिकेचा नकाशा उघडा आणि पूर्व किनाऱ्यावर डर्बन शोधा. पश्चिमेला ड्राकेन्सबर्गचे कडे, पूर्वेला हिंदी महासागर, आणि मधला सगळा उताराचा, डोंगराळ, नद्यांनी चिरलेला प्रदेश. ड्राकेन्सबर्गला झुलूत म्हणतात उखाहलाम्बा, म्हणजे भाल्यांची भिंत. या कड्यांवरून उडी मारून थुकेला नदी समुद्राकडे धावते. पुढे इंग्रजांच्या काळात हीच नदी सरहद्द झाली : दक्षिणेला ब्रिटिशांचं नाताळ, उत्तरेला झुलूलँड. अजून उत्तरेला गेलं की काळी आणि पांढरी अशा दोन उमफोलोझी नद्या. पांढऱ्या उमफोलोझीच्या खोऱ्यात एमाखोसिनी, म्हणजे राजांची जागा. झुलूंचे जुने सरदार तिथेच पुरलेले आहेत.

'नाताळ' हे नाव मात्र बाहेरच्याचं. १४९७च्या डिसेंबरात वास्को द गामा भारताकडे येताना या किनाऱ्यावरून गेला. ख्रिसमसचे दिवस होते, म्हणून पोर्तुगीजमध्ये नाताळ. आपण ज्याला नाताळ म्हणतो तोच शब्द! तिथून पुढे १४९८च्या मे महिन्यात स्वारी कालिकतला पोचली, पुढचं आपल्याला माहीत आहेच.

हा मुलूख गुरांचा. पावसाळ्यात डोंगराळ भागातलं गवत चांगलं, कोरड्या दिवसांत खोऱ्यांमधलं. ज्याच्या हातात दोन्ही प्रकारची कुरणं, तो श्रीमंत. झुलू वस्तीला उमुझी म्हणतात : गोलाकार झोपड्या, आणि बरोबर मधोमध गुरांचा गोठा. लग्नात मुलीच्या बापाला गुरं द्यायची, त्याला लोबोला म्हणतात. थोडक्यात काय, गाय ही तिथली बँक, आणि कुरण गेलं की बँक बुडाली.

शाका

'झुलू' म्हणजे आभाळ. 'अमाझुलू' म्हणजे आभाळाची माणसं. नाव भारदस्त असलं तरी १८००च्या सुमारास हे एक छोटंसं कूळ होतं, न्गुनी भाषा बोलणाऱ्या अनेक कुळांपैकी एक. त्यांचा सरदार सेन्झंगाखोना, आणि नांदी नावाच्या बाईपासून झालेला त्याचा मुलगा शाका. आई-मुलाचं घरी पटलं नाही, आणि शाका वाढला परक्यांत. पुढे तो शेजारच्या बलाढ्य म्थेथ्वांचा प्रमुख डिंगिस्वायो याच्या फौजेत गेला. १८१६च्या सुमारास बाप वारला तेव्हा डिंगिस्वायोच्या पाठिंब्याने शाकाने झुलूंची गादी घेतली. थोड्याच काळात डिंगिस्वायो न्ड्वान्ड्वे लोकांचा राजा झ्विडे याच्या हाती मारला गेला. मग शाकाने म्थेथ्वांना आपल्यात ओढलं, झ्विडेला हरवलं, आणि दहा-बारा वर्षांत एका कुळाचं राज्य झालं.

हे जमलं कसं? दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. एक, जवळून भोसकायचा आखूड भाला, इक्ल्वा. दुसरी, म्हशीच्या शिंगांचा व्यूह : मधली 'छाती' शत्रूला अडकवून ठेवते, दोन्ही 'शिंगं' बाजूंनी वळसा घालतात, आणि 'कंबर' मागे राखीव. पण मला विचाराल तर खरी ताकद तिसरीच होती, अमाबुथो. एका वयाच्या पोरांची एक पलटण, मग तो कुठल्याही कुळाचा असो. राजाची परवानगी मिळेपर्यंत लग्न नाही. म्हणजे माणसाची निष्ठा बापाच्या कुळाकडून राजाकडे वळली, आणि तरुण हातांचं कामही राजाकडे आलं. ही पद्धत शाकाने शोधलेली नाही, आधीपासून होती. त्याने ती मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवली. आमच्या भाषेत सांगायचं तर आयडिया जुनीच, स्केलिंग याचं.

१८२८च्या सप्टेंबरात शाकाचा त्याच्याच सावत्र भावांनी खून केला. भाऊबंदकी काय ती आपल्याकडेच नसते. त्यातला डिंगाने गादीवर बसला.

पुस्तक खपलं पाहिजे

आता मुख्य मुद्दा. शाका म्हटलं की 'आफ्रिकेचा नेपोलियन' किंवा 'रक्तपिपासू राक्षस', आणि त्याच्या युद्धांत दहा-वीस लाख माणसं मेली असा आकडा हमखास येतो. हा आकडा आला कुठून? त्या काळी तिथे शिरगणती नव्हती. जे लिहिलं गेलं ते मुख्यतः दोन गोऱ्या व्यापाऱ्यांनी : १८२४ साली पोर्ट नाताळला, म्हणजे आजच्या डर्बनला, आलेला हेन्री फ्रान्सिस फिन, आणि त्याच्या पाठोपाठ आलेला नॅथानियल आयझॅक्स. हे हस्तिदंताच्या व्यापाराला आलेले लोक.

१८३२ सालचं आयझॅक्सचं फिनला लिहिलेलं एक पत्र पुढे उजेडात आलं. त्यात तो सरळ सल्ला देतो की बाबा रे, तू पुस्तक लिहिशील तेव्हा झुलू राजांना होईल तितकं रक्तपिपासू रंगव आणि मारलेल्यांचे आकडे दे, म्हणजे पुस्तक भरेल. शिवाय ब्रिटिशांनी हा मुलूख ताब्यात घेतला तर दोघांचाही फायदा, हाही हिशोब होताच. आयझॅक्सचं पुस्तक १८३६ला आलं. फिनची 'रोजनिशी' म्हणून जी ओळखली जाते ती त्याने बऱ्याच वर्षांनी आठवून लिहिलेली, आणि छापली गेली थेट १९५०ला.

आपल्याला हे नवीन नाही. बखरीवर किती विसंबायचं आणि अस्सल कागद कुठला, यावर महाराष्ट्रात राजवाड्यांपासून रणं माजली आहेत. फरक इतकाच, की आपल्याकडे बखरीसमोर ठेवायला निदान मोडीतले ढीगभर कागद होते. झुलूंचा इतिहास तोंडी. राजांची स्तुतिकवनं, इझिबोंगो, म्हणणारे खास लोक असत, आपल्या भाटांसारखे. जेम्स स्टुअर्ट नावाच्या वसाहतीतल्या अधिकाऱ्याने १८९७ ते १९२२ या काळात सुमारे दोनशे माणसांना बोलतं करून त्यांच्या आठवणी टिपून ठेवल्या, म्हणून आज दुसरी बाजू थोडीफार ऐकू येते. त्यात शाकाला शिव्या घालणारेही आहेत आणि डोक्यावर घेणारेही. साहजिक आहे, ज्याच्या कुळाला त्याने चिरडलं तो कशाला कौतुक करेल?

शाका साधुसंत होता असं माझं म्हणणं अजिबात नाही. त्या काळात माणसं मेली, कुळंच्या कुळं उठून दूर निघून गेली, हे खरं. या उलथापालथीला 'म्फेकाने' म्हणतात. पण तिची कारणं एकट्या शाकाच्या डोक्यात शोधायची का? दुष्काळ होते, कुरणांवरून भांडणं होती, डेलागोआ बेवरून, म्हणजे आजच्या मापुतोवरून, हस्तिदंताचा आणि गुलामांचा व्यापार चालू होता. १९८८ साली ज्युलियन कॉबिंग या इतिहासकाराने तर म्फेकाने ही गोऱ्यांची सोयीस्कर सबब आहे असा बॉम्ब टाकला. त्याचं सगळं टिकलं नाही. गुलामांचा व्यापार तिथे मोठा झाला तो जरा उशिरा, हे इतरांनी दाखवून दिलं. पण त्याने विचारलेला प्रश्न राहिला : या कथेचा फायदा कोणाला झाला?

फायदा असा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जॉर्ज मॅक्कॉल थीलसारख्यांनी दक्षिण आफ्रिकेचे जाडजूड इतिहास लिहिले आणि चित्र पक्कं केलं : शाकाने मुलूख ओस पाडला, मग गोरे शेतकरी आले, तेव्हा जमीन रिकामीच होती. म्हणजे कोणाची हिसकावली हा प्रश्नच मिटला! खरं तर कोचीनहून पोर्तुगालला निघालेलं 'साओ जोआंव' जहाज १५५२ला या किनाऱ्यावर फुटलं, १६८६ला 'स्टावेनिसे' हे डच जहाज फुटलं, आणि वाचलेल्या खलाशांनी इथल्या वस्त्यांची, गुराढोरांची वर्णनं करून ठेवली आहेत. पुरातत्त्व तर शेती करणारे, लोखंड गाळणारे लोक इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपासून दाखवतं. पण शाळेच्या पुस्तकात जे एकदा कॉपी-पेस्ट झालं ते झालं.

साताऱ्याचे फ्रियरसाहेब

डिंगानेच्या काळात बोअर आले. त्यांचा पुढारी पीट रेटिफ याला डिंगानेने फेब्रुवारी १८३८मध्ये बोलावून ठार केलं, आणि त्याच वर्षी १६ डिसेंबरला न्कोमे नदीवर ४६४ बोअरांनी बंदुकांच्या जोरावर सुमारे तीन हजार झुलू मारले. १८४३ला ब्रिटिशांनी नाताळ घेतलं. तिथे उसाचे मळे उभे राहिले, पण झुलू मजुरीला येईनात. का यावं? स्वतःची गुरं, स्वतःची शेतं होती. मग मळेवाल्यांनी भारतातून करारावर मजूर आणले. पहिलं जहाज 'ट्रुरो', मद्रासहून, १६ नोव्हेंबर १८६०ला डर्बनला लागलं. डर्बनमध्ये आज एवढे भारतीय का, याचं मूळ असं झुलूंच्या गोठ्यात आहे.

१८७७ला केपला हाय कमिशनर म्हणून आले सर बार्टल फ्रियर. नाव ओळखीचं वाटतंय? साताऱ्याचा रेसिडेंट, १८४९ला सातारा खालसा झाल्यावर तिथला कमिशनर, आणि १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर. फोर्टची तटबंदी पाडली गेली ती याच्याच कारकिर्दीत. याची मुलगी मेरी हिने आयाकडून ऐकलेल्या दख्खनच्या गोष्टींचं पुस्तक १८६८ला छापलं. सुसंस्कृत घर होतं. तर या फ्रियरसाहेबांनी ११ डिसेंबर १८७८ला झुलू राजा सेत्श्वायो याला निर्वाणीचा खलिता दिला : तीस दिवसांत तुझी लष्करी व्यवस्था मोडून टाक. म्हणजे अमाबुथो बंद, म्हणजे राज्यच बंद. सीमेच्या वादात त्यांच्याच चौकशी मंडळाने बराचसा कौल झुलूंच्या बाजूने दिला होता, तो त्यांनी दाबून धरला. लंडनला हे युद्ध नको होतं. पण केपपर्यंत तारेची लाईन नव्हती, निरोप यायला आठवडे लागायचे, आणि साहेबांनी त्याचाच फायदा घेतला.

२२ जानेवारी १८७९. इसान्डलवाना डोंगराच्या पायथ्याशी सुमारे वीस हजार झुलूंनी ब्रिटिश छावणीला शिंगांत घेतलं आणि तेराशेहून जास्त माणसं कापली. त्याच दिवशी जवळच्या रोर्क्स ड्रिफ्टला दीडेकशे शिपायांनी ठाणं राखलं, त्यांना ११ व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. १९६४चा गाजलेला सिनेमा कुठल्या लढाईवर आहे ओळखा! जिंकलेल्या, अर्थात. ४ जुलैला उलुंडीला झुलू हरले. राज्याचे तेरा तुकडे करून तेरा सरदारांना वाटले, ते आपसात लढून मेले, आणि १८८७ला ब्रिटिशांनी उरलंसुरलं खिशात घातलं.

पुढे जमिनीचं काय झालं

१९०६ला प्रत्येक पुरुषामागे एक पौंड डोईपट्टीवरून बंबाथाचं बंड झालं. तीन हजारांवर झुलू मारले गेले. गांधीजी तेव्हा भारतीयांचं शुश्रूषापथक घेऊन गेले होते, आणि जखमी झुलूंची सेवा त्यांच्या वाट्याला आली, कारण गोरे त्यांना हात लावायला तयार नव्हते. तिथे पाहिलेलं त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही.

मग १९१३चा जमीन कायदा. देशातल्या बहुसंख्य काळ्यांना जमीन सुमारे ७ टक्के, १९३६ला वाढवून १३ टक्के. १९१२ला स्थापन झालेल्या, पुढे एएनसी म्हणून ओळखल्या गेलेल्या संघटनेचे पहिले अध्यक्ष जॉन दुबे हे झुलूच, फिनिक्स आश्रमाचे शेजारी. कायद्याविरुद्ध ते लंडनपर्यंत जाऊन आले, उपयोग शून्य. वर्णभेदी सरकारने नंतर 'क्वाझुलू' नावाची झुलूंची मायभूमी आखून दिली, तीही तुकड्यातुकड्यांत विखुरलेली. जमीन रिकामी होती ही गोष्ट आधी पुस्तकात आली, मग कायद्यात, आणि शेवटी नकाशात.

१९९४ला क्वाझुलू आणि नाताळ मिळून एक प्रांत झाला. आज देशात जवळपास चौथाई लोकांची घरची भाषा झुलू आहे, सगळ्यांत मोठी. पण जमिनीचा गुंता सुटलेला नाही. १९९४लाच सुमारे २८ लाख हेक्टर जमीन इन्गोन्यामा ट्रस्टकडे गेली, विश्वस्त स्वतः झुलू राजा. पुढे ट्रस्टने पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांकडून भाडेपट्टे करून घ्यायला सुरुवात केली. काही गावकरी कोर्टात गेले, आणि २०२१ला पीटरमॅरिट्झबर्गच्या उच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं. राजा आपला असला तरी सातबारा कोणाच्या नावावर, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणून इतिहासातला एखादा लाखालाखांचा आकडा समोर आला की मी आताशा आधी विचारतो, हा मोजला कोणी, आणि त्याला पुस्तक विकायचं होतं की जमीन घ्यायची होती? आयझॅक्सला दोन्ही हवं होतं.