वणवा आणि वनखातें

वणवा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें केवळ संहार उभा राहतो. सरकारी वनखात्यासही आरंभीं तसेंच वाटलें. त्या समजुतीचें पुढें काय झालें, तें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम वणवा लागतो कसा तें पाहूं. फाल्गुन-चैत्रांत सागाचीं पानें गळून वाळलेल्या पाचोळ्याचा थर सांचतो. वीज पडून पेटणारे वणवे आपल्याकडे थोडे. बहुतेक माणसाच्या हातचे. मोहाचीं फुलें वेंचतां यावींत म्हणून झाडाखालचा पाला पेटवितात; नवें गवत फुटावें म्हणून कुरणें जाळतात. आग सपाटीवर रेंगाळते, पण चढणीवर धांवत सुटते; कारण तिच्या ज्वाळा वरच्या अंगाचें गवत आधींच तापवून ठेवितात.

१८६४ सालीं डीट्रिख ब्रँडिस हे हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. त्याच सुमारास मध्यप्रांतांत पिअर्सन नांवाच्या अधिकाऱ्यानें सातपुड्यांतील बोरीच्या जंगलांत वणवे थोपविण्याचा पद्धतशीर प्रयत्न आरंभिला. पुढें १८७८ च्या कायद्यानें राखीव जंगलांत आग लावणें हा गुन्हा ठरला. यामागील विचार खोटा नव्हता. दरवर्षीं आग फिरली तर कोवळीं रोपें करपतात, आणि उघडी पडलेली माती पहिल्याच पावसानें वाहून जाते.

परंतु सर्व जंगलें एका जातीचीं नसतात. तेव्हां हिंदुस्थान सरकारच्या अंमलाखालीं असलेल्या ब्रह्मदेशांतील ओल्या जंगलांत आग बंद होतांच बांबू व झुडुपें माजलीं, आणि सागाच्या रोपांना ऊन मिळेना. बंगाल-आसामांत सालाच्या वृक्षांखालीं सदाहरित झाडी दाटली. जुने वृक्ष उभे, पण त्यांच्या पोटीं संतति नाहीं! साग काय, साल काय, वरचें रोप जळालें तरी मूळ जिवंत राहून पुन्हा फुटतें. त्यांच्यावर सावली धरणाऱ्या झाडीस तें साधत नाहीं. अखेर विसाव्या शतकाच्या पहिल्या कांहीं दशकांत अशा ठिकाणीं वनखात्यासच बेताची आग लावणें भाग पडलें.

या बंदीची झळ माणसांनाही लागली. कुमाऊंत गुरांच्या चाऱ्यासाठीं गवताळ उतार जाळण्याची वहिवाट जुनी होती. ती गुन्हा ठरली, चराईवर व लांकडावरही निर्बंध आले. आणि १९२१ च्या उन्हाळ्यांत संतापलेल्या लोकांनीं चीड वृक्षांचीं राखीव जंगलें बुद्ध्या पेटविलीं. त्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठीं सरकारला समिति नेमावी लागली. जी काडी पूर्वीं कुरणापुरती ओढली जाई, ती आतां सूडापायीं ओढली गेली.

म्हणून वणव्याचा विचार करतांना जंगल कोणतें, ऋतु कोणता आणि मागची आग किती वर्षांपूर्वींची, हें आधीं विचारावें. आणि तें सांगावयास त्या रानांत राहणाऱ्यांना बोलवावें. त्यांना केवळ आरोपी मानून रान राखलें जात नाहीं, ही गोष्ट या इतिहासानें पुरेशी स्पष्ट केली आहे.