भुलाबाईची खिरापत

मित्रहो, मागच्या वेळी आपण वऱ्हाडातल्या कापसाबद्दल बोललो. आजचा विषय तसा लहान आहे, एका पितळी डब्यात मावेल एवढा. व्याख्यानाच्या जाहिरातीत विषय वाचून एका जुन्या विद्यार्थ्यानं फोन केला, "सर, तत्त्वज्ञान सोडून पोट्टीपाट्टींच्या खेळाकडे कधी वळलात?" त्याला म्हटलं, वळलो नाही रे, सुरुवात तिथूनच झाली होती. ते कसं, हे पुढे येईलच.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, किंबहुना सगळ्या वऱ्हाडात, भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीला उठते. कोनाड्यात किंवा पाटावर मातीची भुलोजी-भुलाबाईची जोडी मांडायची, संध्याकाळी गल्लीतल्या मुलींनी जमायचं, टिपऱ्या वाजवत एका घरची गाणी आटपून दुसऱ्या घरी जायचं आणि प्रत्येक घरी शेवटी खिरापत. भुलोजी म्हणजे शंकर, भुलाबाई म्हणजे पार्वती. भिल्लिणीचं रूप घेऊन तिनं त्याला भूल घातली, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. जळगावकडे हीच गुलाबाई होते. घाटावर भोंडला किंवा हादगा आहे, तो हस्त नक्षत्राशी बांधलेला, पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरायचा. माळव्यात आणि राजस्थानात पितृपक्षात मुली भिंतीवर शेणानं संजा काढतात. म्हणजे पाऊस सरताना आणि पीक हाती येण्याआधी मुलींनी एकत्र येऊन गाणं ही रीत फार मोठ्या पट्ट्यात पसरलेली आहे. ती मुळात कुठली, कोणी कोणाकडून घेतली, या वादात मी आज पडणार नाही. त्यातून फारसं काही निघत नाही, असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. या महिन्याचा पहिला पंधरवडा पितृपक्षाचा. घरात नवीन कापड घ्यायचं नाही, सोयरीक बोलायची नाही, मोठी माणसं जरा आवाज दाबूनच वावरतात. आणि त्याच घरात रोज संध्याकाळी पंधरा-वीस मुली मोठमोठ्यानं गातात! कोणी त्यांना गप्प बसवत नाही. धर्मशास्त्राच्या पोथीत याची सोय असेल-नसेल, घरानं ती करून ठेवली होती.

गाण्यांचा विषय बहुतेक एकच, सासर आणि माहेर. सून माहेरी जायची परवानगी मागते, सासू अट घालते, ती पुरी झाली की पुढची अट. आज ऐकताना गंमत वाटते. पण मुलींच्या लग्नाचं वय किमान १४ ठरवणारा शारदा कायदा १९२९चा आहे. तो येईपर्यंत, आणि आल्यावरही खेड्यापाड्यांत बरीच वर्षं, या गाणाऱ्या मुली आठ-दहा वर्षांच्या असत आणि पुढच्या वर्षी त्यातली एखादी खरोखरच सासरी गेलेली असे. माझी आजी अशीच गेली. ती सांगायची, "आमी खेळत नोयतो बाबू, शिकत होतो." काय शिकत होता, असं मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आता खिरापतीकडे येतो. डबा झाकलेला. गाणी संपली की त्या घरची बाई, बहुधा आईच, डबा हलवून विचारणार, "वळखा पाहू." ओळखलं की डबा उघडणार. काय काय असायचं? ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, मुरमुरे, शेंगदाण्याचा लाडू, गुळपापडी, खोबरं-साखर, वाळकाच्या फोडी, उकडलेल्या मुगाच्या शेंगा, पेरू, डोंगराकडच्या गावांत सीताफळ. बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं आहे, तेव्हा सीताफळाला आपल्याकडे तोटा नव्हता. काही घरांत शेवटच्या दिवशी तेहतीस प्रकारच्या खिरापती करायची पद्धत होती. आमच्या घरी ती नव्हती, आमची मजल पाच-सातवर थांबायची.

मी पुढे एम.ए.ला न्यायदर्शन शिकलो, तेव्हा मला हा डबा आठवला. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमानाचं ठरलेलं उदाहरण. धूर तिथे अग्नी ही व्याप्ती आधी माहीत हवी. आमच्या ओसरीवर तेच चालायचं. डबा हलवला की खुळखुळ झाली, म्हणजे फुटाणे. सळसळ झाली, म्हणजे मुरमुरे. धप्प आवाज, म्हणजे लाडू. आवाजच नाही, तर नाक पुढे करायचं. माझी आई फार बेरकी होती. मुरमुऱ्यांत मुद्दाम चार फुटाणे टाकायची, की सगळ्या पोरी फसायच्या. नैयायिक याला हेत्वाभास म्हणतात. आणि मी, त्या घरचा मुलगा, चिंचोक्यांच्या बदल्यात एखादीला आधीच आतली बातमी द्यायचो. ते शब्दप्रमाण. फक्त सांगणारा आप्त असावा लागतो, आणि मी दोनदा खोटं सांगितल्यावर माझं आप्तत्व संपलं.

यात एक गोष्ट अशी आहे, जी मी आजवर जाहीरपणे बोललो नाही. आमची गल्ली संपली की नाला होता आणि नाल्यापलीकडे दुसरी वस्ती. तिथली एक मुलगी माझ्याच वर्गात होती. ती भुलाबाईच्या दिवसांत यायची, पण ओट्याखाली उभी राहायची. गाणी तिला सगळी पाठ होती, ओठ हलताना दिसायचे. एका संध्याकाळी डबा काही केल्या ओळखला जाईना. आवाज नाही, वास नाही. ती खालून म्हणाली, "शिंगाडे." शिंगाडेच होते. आईनं ऐकलं, मी ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं. एक क्षण गेला आणि आतली एक मुलगी "शिंगाडे!" म्हणून ओरडली. डबा तिच्या नावानं उघडला. मग मला पानावर दोन शिंगाडे देऊन खाली पाठवलं, ते मी तिच्या हातावर वरून टाकले. असंच टाकायचं असतं, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. वय वर्षं नऊ. खिरापत म्हणजे वाटून खाणं, असं आपण भाषणांत म्हणतो, मीही म्हटलेलं आहे. पण ती कुठपर्यंत वाटली जायची, तेही त्याच वेळी सांगायला हवं.

बरं, आता इतिहासाचा मुख्य धागा. भुलाबाईचा कणा ज्वारी आहे. कोजागिरीच्या दिवशी ज्वारीच्या हिरव्या धांड्यांचा मखर करतात, कणसांसकट. त्याखाली जोडी मांडायची, चंद्र वर आला की आटीव दूध, घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळायचं, मग खिरापती. आठ दिवसांनी आठवीची पूजा, तिला ज्वारीची आंबील. खरिपाची ज्वारी या सुमारास दाण्यात आलेली असते, कापणी अजून पुढे. म्हणून धांडे हिरवे मिळतात. पंचांग आणि शेत यांचा मेळ इतका नेमका होता.

या मेळाला पहिला धक्का कापसानं दिला असेल, असं आपल्याला वाटेल. १८५३मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं, १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, भुसावळहून नागपूरकडे रेल्वे गेली, १८७०मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत फाटा आला. पण कापसानं ज्वारीला हाकललं नाही. बैल कडब्यावर जगायचे, माणसं भाकरीवर, आणि कापसाचा बेवड ज्वारीला मानवायचा. एक वर्ष हे, एक वर्ष ते. कापसाच्या गाड्या खामगावला जात होत्या आणि धांडे कोजागिरीला घरी येत होते. शंभर वर्षं हे सुखानं चाललं.

धक्का आला तो आतून. १९६४मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. उत्पन्न भरघोस, पण धांडा बुटका. गावरान ज्वारी माणसाच्या डोक्यावरून जायची, हिची धाव तिच्या निम्म्यापर्यंत. आमच्या घरचा मखर एका वर्षात ठेंगणा झाला. आजीनं तो पाहिला आणि म्हणाली, "भुलाबाईले वाकून बसा लागते आता." मग १९७२ आलं. पावसानं दडी मारली, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. मी तेव्हा शिकायला बाहेर होतो, कोजागिरीला घरी आलो. आईनं दोन-दोन धांडे जोडून, सुतळीनं बांधून मखर उभा केला होता. धाकटी बहीण अकरा वर्षांची होती. शेवटचे दहा दिवस प्रत्येक घरी खिरापत एकच, फुटाणे. डबा हलवला की आंधळ्यालाही कळावं. तरी त्या पोरी रोज "पेढे! करंज्या! बुंदीचे लाडू!" अशी एकेक नावं घ्यायच्या आणि सगळी संपली की अगदी शेवटी, नाइलाजानं "फुटाणे" म्हणायच्या. त्या दहा दिवसांत त्यांनी काय काय खाल्लं म्हणता!

त्यानंतरची गोष्ट तुम्ही पाहिलेलीच आहे. सोयाबीन आलं, नव्वदीनंतर पसरलं, आणि आज खरिपात आपल्या जिल्ह्यात जिकडे पाहावं तिकडे तेच. शेतकऱ्याला दोष देऊ नका. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत निघतं, लगेच पैसा होतो, आणि ज्वारीवर पाखरांचे थवे पडतात, राखणीला माणूस मिळत नाही. पण सोयाबीनची काढणी नेमकी याच दिवसांत येते. म्हणजे धांडे तर नाहीतच, आणि ज्या बायकांनी खिरापत करायची त्या सकाळपासून सोंगणीला. संध्याकाळी डबा भरायची ताकद कुणात आहे? दुकानातून वीस पुडे आणतात. पुड्यावर नाव छापलेलं असतं, त्यात ओळखायचं काय?

इथे मला थोडं लांब, स्वीडनला जाऊ द्या. माझ्या पुतणीचं कुटुंब तिथे, दक्षिणेकडच्या लुंद गावात असतं, म्हणून मी जरा वाचन केलं. तिथे उन्हाळा सरताना, ऑगस्टात, घराघरांत आणि अंगणांत गोड्या पाण्यातले झिंगे बडीशेपेसारख्या शेपूच्या फुलोऱ्यासह उकडून खायची मेजवानी असते. डोक्यावर कागदी टोप्या, गाणी, सगळं यथासांग. १९०७मध्ये त्यांच्या तळ्यांत झिंग्यांचा रोग शिरला आणि मूळचे झिंगे धडाधड मेले. मेजवानी बंद पडली का? नाही. तुर्कस्तानातून, नंतर चीनमधूनसुद्धा गोठवलेले झिंगे येऊ लागले. तळं रिकामं झालं, टोप्या राहिल्या. दुसरं उदाहरण दालचिनीच्या पावाचं. ४ ऑक्टोबर हा त्यांचा दालचिनी-पावाचा दिवस. फार जुना असेल असं वाटतं, पण तो १९९९मध्ये घरगुती बेकिंगचा प्रसार करणाऱ्या एका मंडळानं आपल्या चाळीस वर्षांच्या निमित्तानं सुरू केला. मैदा-साखर विकणाऱ्यांचा त्यात हात होता, हे उघड आहे. तरी आज घरोघरी तो पाव त्या दिवशी भाजला जातो, आणि पिठात वेलदोडा लागतोच. शरदात शाळांना आठवडाभर सुट्टी असते, तिला पूर्वी 'बटाट्याची सुट्टी' म्हणत, कारण पोरं बटाटे काढायला शेतात जायची. आता बटाटे यंत्रं काढतात, सुट्टी राहिली.

तेव्हा मला स्वतःच्या हळहळीबद्दल शंका येऊ लागली. द्रव्य गेलं तरी आकार टिकतो का, हा ॲरिस्टॉटलचा प्रश्न मी तीस वर्षं वर्गात फळ्यावर लिहिला. उत्तर देताना मी नेहमी "नाही"कडे झुकायचो. स्वीडिश लोक "हो" म्हणताना दिसतात. त्यांच्याकडे आर्टूर हाझेलिउस नावाच्या गृहस्थानं १८९१मध्ये स्टॉकहोमला स्कान्सेन हे उघड्यावरचं संग्रहालय उभं केलं, जुनी घरं उचलून आणून मांडली, त्यात जुन्या रीती चालू ठेवल्या. आपल्याकडे सरोजिनी बाबर आणि लोकसाहित्य समितीनं गाणी गोळा केली, त्यांचे उपकार आहेतच. पण गाणं पुस्तकात राहतं, डब्याचा आवाज राहत नाही. शाळांतून हल्ली भुलाबाईच्या स्पर्धा होतात, परीक्षक असतात, नऊवारी, ध्वनिवर्धक. मी एकदा परीक्षक म्हणून गेलो होतो. मुली छान गायल्या. खिरापत म्हणून प्रत्येकीला बंद खोकं मिळालं, सगळ्यांचं सारखं. त्यात नाल्यापलीकडच्याही मुली होत्या, रांगेत पुढे होत्या, हेही मी पाहिलं. म्हणून त्या खोक्याला नावं ठेवताना माझी जीभ अडखळते.

गेल्या कोजागिरीला लुंदहून फोन आला, चित्रासकट. पुतणीनं तिथल्या शेतकऱ्याला विचारून गुरांच्या मक्याचे चार धांडे आणले होते, मखर केला होता, चांगला उंच. तिची आठ वर्षांची मुलगी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन समोर आली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "आजोबा, ओळखा." तिनं डबा हलवला. काही आवाज आला नाही. म्हटलं, जवळ आण. तिनं तो फोनला चिकटवला, पडदा काळा झाला. "वास घ्या," ती म्हणाली. मी लाडू म्हटलं, शिरा म्हटलं, केळी म्हटलं. ती प्रत्येकाला "नेय" म्हणत होती, म्हणजे त्यांच्या भाषेत नाही. शेवटी मी हरलो. तर ती म्हणाली, हरलेल्यानं गाणं म्हणायचं, आईनं तसं सांगितलंय. आमच्याकडे असा नियम कधीच नव्हता, पण मी म्हटलं.