एकांक : एकट्याने चाललेली वाट आणि मराठी गद्याचा आरंभ

१/ कन्नड शहर मागे टाकून चाळीसगावच्या दिशेने निघालो की काही वेळातच पठार संपते आणि औट्रम घाटाची वळणे सुरू होतात. वर मराठवाडा, खाली खानदेश. काही वर्षांपूर्वीपर्यंत येथे मालमोटारींची रांग लागलेली असे. परंतु दक्षिणेतून उत्तरेकडे जाणाऱ्या माणसाला ही डोंगररांग पूर्वापार ओलांडावीच लागत असे.

२/ त्याचा पुरावा कन्नड तालुक्यातच आहे. पितळखोऱ्याची लेणी इसवी सनापूर्वीच्या काळात खोदली जाऊ लागली, आणि तेथील शिलालेखांत दान देणारे लोक स्वतःला पैठणचे रहिवासी म्हणवतात. गोदावरीकाठची माणसे आणि त्यांचे धन या दऱ्यांपर्यंत पोहोचत होते.

३/ ही माणसे चालत मात्र समूहाने. व्यापारी सार्थाबरोबर, यात्रेकरू मेळ्याबरोबर, सैनिक लष्कराबरोबर. अरण्य दाट, वाटमारीचे भय मोठे. एकटा माणूस दिसला की गावाचा पहिला प्रश्न ठरलेला : कोण, कुठला, कोणाचा? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नसणे हाच एक धोका होता.

४/ अशा काळात एका माणसाने जाणूनबुजून एकटेपण स्वीकारले आणि त्या काळाला मराठीत चक्क एक नाव मिळाले : ‘एकांक’. हा धागा त्या शब्दाविषयी आहे. एकट्याने प्रवास करून माणसाला नेमके काय मिळते, याचे आपल्या भाषेतील सर्वांत जुन्या उत्तरांपैकी एक तेथे सापडते.

५/ तो माणूस म्हणजे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी. काळ तेराव्या शतकाचा. देवगिरीवर यादवांची सत्ता. कन्नडच्या शेजारच्या वेरूळ येथे त्यांचा दीर्घ मुक्काम झाला, आणि डोंगराखालच्या खानदेशातील वाघळी, कनाशी ही गावेही त्यांच्या भ्रमंतीत येतात. या दोहोंच्या मध्ये हीच डोंगररांग उभी आहे.

६/ स्वामी जन्माने मराठी नव्हते. ‘लीळाचरित्रा’नुसार ते गुजरातेतील भडोचच्या प्रधानाचे पुत्र हरिपाळदेव. जुगारात हरलेले देणे फेडण्यासाठी त्यांनी पत्नी कमळाइसेकडे दागिने मागितले, तिने नकार दिला, आणि त्या प्रसंगातून त्यांच्या मनात विरक्ती आली, असे तेथे सांगितले आहे.

७/ रामटेकच्या यात्रेला जातो, असे सांगून त्यांनी घर सोडले. प्रधानपुत्र निघाला म्हणजे बरोबर लवाजमा असणारच. वाटेत मात्र ते या परिवारापासून वेगळे झाले. हा तपशील महत्त्वाचा आहे. लवाजमा म्हणजे चालते-फिरते घर. तो बरोबर असेल तर माणूस शेकडो कोस जाऊनही प्रधानाचाच मुलगा राहतो.

८/ पुढे विदर्भात ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंची भेट झाली, आणि त्यानंतर वर्षानुवर्षांची भ्रमंती सुरू झाली. विदर्भातील डोंगर, तेलंगण, गोदावरीचा प्रदेश. या भ्रमंतीत माणसे भेटतच होती. ओरंगल म्हणजे आजच्या वरंगळ येथील विवाहाची लीळाही एकांकातच येते. पण कायमचा सोबती, सेवक वा शिष्य कोणी नव्हता. म्हणून तो ‘एकांक’.

९/ या काळातील एक प्रसंग अनेकांना परिचित असेल. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढे धावत आलेला ससा स्वामींच्या मांडीखाली दडतो. शिकारी तो परत मागतात. शरण आलेल्याला सोडता येत नाही, असे स्वामी सांगतात. बोलणे वाढते, आणि अखेरीस शिकारी शिकारच सोडून देतात.

१०/ ही गोष्ट आपण भूतदयेची म्हणून वाचतो. आता ती प्रवासाच्या बाजूने वाचून पाहा. एका बाजूला शस्त्रधारी माणसे आणि कुत्री. दुसऱ्या बाजूला निःशस्त्र, अनोळखी, एकटा माणूस. लवाजमा असता तर शिपायांनी शिकाऱ्यांना हाकलले असते. येथे केवळ शब्दांवर भिस्त होती. ज्याच्या पाठीशी कोणी नसते, त्याला समोरच्याचे मन जिंकूनच पुढे जावे लागते.

११/ आणि ते शब्द समोरच्याच्या भाषेतले असावे लागतात. सोबत असेल तर माणूस सोबत्यांशी बोलतो. एकटा असेल तर गावाशी बोलतो. भिक्षा मागायची, वाट विचारायची, निवारा शोधायचा, हे सारे लोकभाषेतच. गुजरातेत वाढलेल्या या पुरुषाची मराठी पुढे इतकी नेमकी, दृष्टान्तांनी इतकी समृद्ध झाली, त्यामागे ही वर्षे उभी आहेत, असे माझे मत आहे.

१२/ सुमारे इ.स. १२६७ मध्ये स्वामी पैठणला आले आणि एकांक संपला. आता शिष्य जमू लागले : नागदेव, बाइसा, महदाइसा. शास्त्रचर्चेची प्रतिष्ठित भाषा संस्कृत असताना स्वामींनी निरूपण मराठीत केले. एकटेपण कायमचे नव्हते. जे मिळाले ते घेऊन ते माणसांत परतले.

१३/ शिष्यांनाही त्यांनी हीच वाट दाखवली. स्वदेशाचा संबंध सोडा, स्वग्रामाचा सोडा, नातलगांचाही सोडा. एका जागी रेंगाळू नका, झाडाखाली राहा. महानुभावांच्या आचारात ‘अटन’, म्हणजे सतत फिरणे, ही एक साधनाच ठरली.

१४/ त्यातील एक सूचना विलक्षण आहे : कानडदेशी आणि तेलंगदेशी जाऊ नका. (हा कानडदेश म्हणजे कन्नड भाषकांचा प्रदेश, आपला कन्नड तालुका नव्हे!) कारण ते देश विषयबहुल, आणि तेथे विरक्तांना मान मिळतो. आज आपण जेथे आदरातिथ्य उत्तम तेथे जातो. येथे गुरू सांगतो, जेथे मान मिळेल तेथे जाऊ नका. कारण मान मिळाला की प्रवाशाचा अहंकार पुन्हा घरी पोहोचतो.

१५/ आता इतिहासाच्या अभ्यासकाला पडणारा प्रश्न. माणूस एकटा होता, तर साक्षीदार कोण? एकांकातील घटना पाहणारा एकही शिष्य नव्हता. स्वामींनी पुढे प्रसंगोपात्त सांगितलेल्या आठवणी, त्या ऐकणाऱ्यांची स्मृती, आणि म्हाइंभटांनी केलेले लेखन, एवढ्या हातांतून हा भाग आपल्यापर्यंत आला आहे. भक्तीचा रंगही त्यात आहे. तो ध्यानात ठेवूनच वाचन करावे.

१६/ स्वामी उत्तरापंथे गेल्यानंतर म्हाइंभटांनी माणसामाणसांकडे जाऊन आठवणी गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. मराठीतील हा आद्य चरित्रग्रंथ. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असे त्याचे भाग. म्हणजे मराठी गद्याच्या या पहिल्या मोठ्या ग्रंथाचे दार एकट्या प्रवाशाच्या कथेने उघडते.

१७/ ग्रंथात राजे आहेत, पंडित आहेत. पण गुराखी, शेतकरी, चर्मकार, विधवा हेही आहेत. त्यांचे खाणेपिणे, कपडे, भांडणे, बोलण्याची लकब आहे. यादवकाळाचे दैनंदिन जीवन जाणून घ्यायचे तर अभ्यासक याच ग्रंथाकडे वळतात. दरबारी शिलालेखांत ही माणसे क्वचितच बोलतात.

१८/ या लाभाची किंमतही नोंदवली पाहिजे. हरिपाळदेव निघून गेले. कमळाइसा मागे राहिली. ‘निघून जाणे’ त्या काळी कोणाला शक्य होते, हा प्रश्न टाळता येत नाही. मात्र याच स्वामींनी पुढे स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला, आणि गुरूला प्रश्न विचारून भंडावणारी महदाइसा मराठीची आद्य कवयित्री ठरली, हेही तितकेच खरे.

१९/ तेव्हा एकट्याने प्रवास करण्याचा लाभ कोणता? धैर्य, स्वातंत्र्य, मनःशांती ही उत्तरे खरी आहेत, पण अपुरी आहेत. एकांक त्यात एक भर घालतो : काही काळ आपण कोणाचेच कोणी नसतो, म्हणून प्रत्येकाचे ऐकून घ्यावे लागते. प्रधानपुत्राला ते घरी शिकता आले नसते.

२०/ कधी एकटे कन्नडला गेलात, तर पितळखोऱ्याच्या पायऱ्या जरूर उतरा. पायथ्याच्या गावात वाट मोबाइलला न विचारता माणसाला विचारा. तो पहिला प्रश्न आजही तोच विचारेल : कोण, कुठले? उत्तर देण्याची घाई करू नका. आधी त्याचे गाव ऐकून घ्या.