वाट पाहण्याचे भांडवल : रत्नागिरीच्या फळबागांची कहाणी

रत्नागिरी म्हटले की आज हापूस आंबा डोळ्यांपुढे उभा राहतो. पण दोन पिढ्यांपूर्वी या जिल्ह्याची ओळख निराळी होती. मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा, असे त्याला म्हटले जाई. घरटी एक तरी कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा कोणाच्या घरी नोकरीस असे, आणि गावाकडची चूल त्याने पाठविलेल्या पैशांवर पेटे. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणारी ही भूमी मे महिन्यात घोटभर पाण्यासाठी आसुसलेली असे. भातशेती चिमूटभर, ती दरीच्या तोंडाशी. उरलेली जमीन वरकस, डोंगरउताराची. तिच्यावर नाचणी, वरी आणि गवत. त्याहून वर नुसता जांभा कातळ.

अशा जमिनीवर बागा कशा उभ्या राहिल्या? त्या कोणाच्या बळावर उभ्या राहिल्या, आणि आज त्यांच्यापुढे कोणते संकट आहे? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

कलमाचा वारसा

आंबा आपल्याच देशाचा. पण कोयीपासून वाढलेले झाड आईसारखे फळ देईलच असा भरवसा नसतो. एकाच रायवळ झाडाच्या चार कोयी रुजविल्या तर चार तऱ्हेची फळे मिळू शकतात. चांगल्या फळाची जात जशीच्या तशी टिकवायची तर कलमच बांधावे लागते. पोर्तुगीजांच्या अमदानीत गोव्यात ही कला भरभराटीस आली आणि तिच्या प्रसारात जेझुइट धर्मगुरूंचा मोठा वाटा होता, असे इतिहासकार नमूद करतात. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्क याच्या नावावरून एका जातीला नाव पडले. मराठी जिभेवर घोळत घोळत त्याचे 'हापूस' झाले. काजूचे झाडही पोर्तुगीजांच्याच गलबतांतून ब्राझीलहून इकडे आले. परदेशातून आलेले झाड आणि परदेशी नाव धारण केलेले फळ या मातीने इतके आपलेसे केले की, आज त्यांच्यावाचून कोकणाची कल्पनाच करवत नाही.

तथापि हे वैभव शेकडो वर्षे थोडक्यांच्याच अंगणात राहिले. त्याचे एक कारण कलम बांधण्याच्या पद्धतीतच होते. पूर्वी 'भेट कलम' बांधीत. कुंडीतले रोप मातृवृक्षाच्या फांदीजवळ मचाणावर ठेवायचे, दोघांच्या साली तासून एकमेकींना बांधायच्या आणि जोड सांधेपर्यंत कित्येक आठवडे रोपाला पाणी घालीत राहायचे. कलमे थोडी होत आणि महाग पडत. दुसरे कारण त्याहून खोल होते.

जमीन कोणाची?

रत्नागिरी आणि कुलाबा या जिल्ह्यांत खोती चाले. गावचा सारा सरकारात भरणारा खोत हाच गावाचा धनी होऊन बसला होता, आणि राबणारे कूळ त्याच्या मर्जीवर जगत होते. आंब्याच्या कलमाला फळ धरावयास पाच-सहा वर्षे लागतात. भरघोस उत्पन्न त्याच्याही पुढे. पुढच्या हंगामात ही जमीन आपल्याकडे राहील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो झाड कशाला लावील? तो नाचणीच पेरणार. कोकणच्या शेतकऱ्याला आळशी म्हणणाऱ्यांनी हा साधा हिशेब कधी मांडला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. पुढे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि कसणारा मालक झाला. सातबाऱ्यावर नाव चढले, ही फार मोठी क्रांती होती. पण सातबारा हाती आला म्हणून कातळाला पालवी फुटत नाही. मनीऑर्डरी येतच राहिल्या.

दापोलीचे कार्य

ज्ञानाची वाट दापोलीहून आली. कोकणचे नेते बाळासाहेब, अर्थात प. कृ. सावंत यांचे नाव या कार्याशी जोडलेले आहे. १९६३ मध्ये कन्नमवारांच्या निधनानंतर काही दिवस त्यांनी राज्याचे मुख्यमंत्रिपदही सांभाळले होते. दापोलीस १९६५ मध्ये कृषी महाविद्यालय निघाले आणि १८ मे १९७२ रोजी कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २००१ पासून ते बाळासाहेबांच्याच नावाने ओळखले जाते.

या विद्यापीठाने दिलेली पहिली देणगी म्हणजे 'कोय कलमा'ची सुलभ रीत. पावसाच्या आरंभी कोयी रुजत घालायच्या; तांबूस पानांचे कोवळे रोप दोन-तीन आठवड्यांचे झाले की त्याचा शेंडा छाटून त्यात हापुसाची काडी पाचरीसारखी बसवायची. मचाण नको, मातृवृक्षाखाली महिनोन् महिने पहारा नको. कलमे हजारोंनी होऊ लागली. गावोगावी रोपवाटिका निघाल्या आणि कलमे बांधणे हाच कित्येक घरांचा धंदा झाला. हापुसाच्या गरात होणारा 'साका' टाळण्यासाठी नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही जात १९८१ मध्ये देण्यात आली. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काजूच्या निवडक जाती दिल्या. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी, केळी व अननस एकत्र लावून दाखविले. एकरी लाखाचे उत्पन्न देणारी म्हणून ती 'लाखी बाग' म्हणून गाजली.

ज्ञान आले, कलमे आली. तरी गरिबाचा प्रश्न तसाच उभा होता. कातळात सुरुंग लावून मीटरभर लांब, रुंद व खोल खड्डा घ्यायचा, दुरून माती आणून तो भरायचा, गुरांपासून राखण्यासाठी गडगा घालायचा, दोन-तीन उन्हाळे डोक्यावरून पाणी आणून झाड जगवायचे. आणि एवढे करून पाच-सहा वर्षे हाती छदामही नाही. त्या वर्षांत खायचे काय? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो फसत गेला, गिरण्या एकेक करून मिटल्या, आणि कोकणात कित्येक घरी मनीऑर्डरीऐवजी मनीऑर्डर पाठविणाराच परत आला. आता वाट पाहण्यासाठी घरात काहीच उरले नव्हते.

१९९० ची योजना

महाराष्ट्राची रोजगार हमी योजना ही वि. स. पागे यांच्या विचारांतून जन्मली. १९७२ च्या दुष्काळात तिने लाखो घरे तगविली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्यात मजूर रस्ते फोडी, तलाव खणी. काम संपले की त्याच्या हाती मजुरीशिवाय काही उरत नसे. १९९० मध्ये, शरद पवार मुख्यमंत्री असताना, या योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली. कल्पना साधी होती. शेतकऱ्याने स्वतःच्याच जमिनीवर खड्डे काढावेत, झाडे लावावीत, आणि त्या श्रमाची मजुरी शासनाने द्यावी. अल्पभूधारकांना व मागासवर्गीयांना पूर्ण खर्च अनुदान म्हणून मिळे. रक्कम मात्र एकदम मिळत नसे. ती तीन वर्षांत विभागून मिळे, आणि पुढचा हप्ता झाडे किती जगली यावर ठरे.

शुभवर्तमानातील फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला वाचकांना स्मरत असेल. धनी झाड तोडावयास सांगतो, आणि माळी आणखी एका वर्षाची मुदत मागून घेतो. भोवती खणीन, खत घालीन, म्हणतो. गरीब शेतकऱ्याच्या बाबतीत मुदत मागणारा आणि ती मुदत पुरविणारा असा कोणी नव्हता. १९९० च्या योजनेने ते काम केले. तिने वाट पाहण्याचे भांडवल दिले; तिचे खरे मोल येथे आहे. त्यापूर्वी साऱ्या महाराष्ट्रात फळबागांखाली सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन होती. पुढच्या दशकभरात ती कित्येक पटींनी वाढली. आज एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात ६५ हजार हेक्टरांहून अधिक जमिनीवर आंबा आहे.

फळ आले, पुढे काय?

यशाबरोबर नवे धोकेही आले. ज्याच्या परसात पूर्वी नारळ, पोफळी, फणस, कोकम, केळी असे सारे काही थोडेथोडे असे, तो हापूस या एकाच फळावर विसंबून राहिला. हापूस मुळात एक वर्षाआड फळणारा. तो दरवर्षी व लवकर मोहरावा म्हणून पॅक्लोब्युट्राझॉल नावाचे संजीवक देण्याची रीत पडली. प्रमाण राखले तर त्याचा लाभ होतो. पण बाग वर्ष-दोन वर्षांच्या करारावर घेणारा झाडाच्या प्रकृतीची चिंता किती करणार? हंगामापूर्वी दलालाकडून उचल घ्यायची आणि मग तो देईल त्या भावाने पेटी पाठवायची, ही साखळी खोतीइतकी जाचक नसली तरी तिच्याच कुळातली आहे.

निसर्गानेही परीक्षा पाहिली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली, मंडणगड भागातल्या बागा आडव्या केल्या. लागलीच मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ ऐन हंगामात आले. पन्नास वर्षे वाढलेले झाड एका दुपारी पडते. ते पुन्हा उभे करावयास एक पिढी लागते. बाजाराचा फटका वेगळाच. २००७ मध्ये अमेरिकेची बाजारपेठ उघडली. लासलगावच्या विकिरण केंद्रातून हापूस तिकडे रवाना झाला. पण १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणाने आपल्या आंब्याला दार बंद केले, ते पुढील वर्षीच उघडले. एका माशीने एका हंगामाचा हिशेब बिघडविला.

या साऱ्यातून ज्यांनी निभाव लावला, त्यांच्याकडे पाहिले तर एक गोष्ट दिसते. त्यांनी एका टोपलीत सारी फळे ठेवली नाहीत. वादळात गळलेल्या कैऱ्यांचे पन्हे व लोणचे करणारे, डागी आंब्याचा रस आटवून पोळी घालणारे, काजूगराबरोबर टरफलाच्या तेलाचेही पैसे करणारे, पूर्वी वाया जाणाऱ्या कोकमाचे आगळ व आमसूल विकणारे बचतगट, आणि पर्यटकाला घराच्या पडवीत उतरवून भाकरी खिलविणारी कुटुंबे. हे त्यातले काही मार्ग. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये, तर कोकणच्या हापुसाला ३ ऑक्टोबर २०१८ रोजी भौगोलिक मानांकन मिळाले. दुसऱ्या प्रांताचा आंबा आपल्या नावाने विकला जाऊ नये, यासाठी हे कागदी हत्यार उपयोगी आहे. पण ते वापरण्यासाठी शेतकऱ्याने स्वतःची नोंदणी करावी लागते.

सर्वांत अवघड गाठ मात्र घरातच आहे. सातबाऱ्यावर वीस-वीस नावे. निम्मी मुंबईत, काही आखाती देशांत, काही मातीआड. सह्या जमत नाहीत, म्हणून कर्ज नाही, अनुदान नाही, जुन्या झाडांची छाटणीसुद्धा नाही. राखणीला नेपाळी कामगार, फवारणीला कंत्राटदार, आणि वारस फक्त मे महिन्यात आंबे खावयास येतात. खोताच्या हातून जमीन सोडविण्यासाठी आपल्या आजोबांनी जी झुंज दिली, तिचे फळ भावाभावांच्या अबोल्यात कुजत आहे.

शासनाने २०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाने फळबाग लागवडीची नवी योजना आणली; फळपीक विमाही आहे. त्यांचा लाभ अवश्य घ्यावा. पण मागील सत्तर वर्षांचा इतिहास असे सांगतो की, कोकणात झाड तेव्हाच वाढले, जेव्हा तीन गोष्टी एकत्र आल्या : जमिनीवर निर्वेध हक्क, हाताशी ज्ञान आणि फळ येईतो तग धरण्याची सोय. ज्ञान दापोलीस आहे. तग धरण्याची सोय काही अंशी सरकार देते, उरलेली निरनिराळ्या पिकांतून आपणच उभी करावयाची आहे. जमिनीच्या हक्काची गाठ मात्र कोणतेही सरकार सोडवू शकणार नाही. येत्या मे महिन्यात कुटुंब गावी एकत्र येईल, तेव्हा आंब्याच्या फोडींबरोबर सातबाराही समोर ठेवावा, आणि वाटणी झाल्यावर बांधावर हापुसाशेजारी एक कोकमाचे रोप लावावे.