वेशसंहिता आणि विद्यार्थ्यांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य

शिक्षणसंस्थेने विद्यार्थ्यांच्या पोशाखाविषयी केलेल्या नियमांना वेशसंहिता म्हणतात. शाळेचा गणवेश हा तिचा सर्वपरिचित प्रकार होय. महाविद्यालयांत गणवेश सहसा नसतो. तेथे काय घालू नये, हे सांगितले जाते.

काही निर्बंधांमागील कारण उघड असते. कोल्हापूरनजीकच्या शिरोली एमआयडीसीसारख्या वसाहतीत लेथवर काम शिकणाऱ्या प्रशिक्षणार्थीची सैल बाही फिरत्या यंत्रात अडकू शकते. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २२ ने चालू यंत्रावरील ठरावीक कामांसाठी अंगाबरोबर बसणारे कपडे बंधनकारक केले होते. वर्गात असा धोका नसतो. तेथे शिस्त आणि समानता ही कारणे दिली जातात व वाद तेथूनच सुरू होतो.

पोशाखातून व्यक्त होणे हाही राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीच्या निकालात म्हटले. हे स्वातंत्र्य अमर्याद नाही. सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, नीतिमत्ता आदी कारणांसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात; मात्र त्यांना कायद्याचा आधार लागतो. राष्ट्रगीत न गाणाऱ्या केरळमधील तीन विद्यार्थ्यांना शाळेतून काढल्याच्या प्रकरणात, निव्वळ खात्याच्या परिपत्रकाने मूलभूत हक्क मर्यादित करता येत नाही, असे याच न्यायालयाने १९८६ मध्ये स्पष्ट केले होते.

महाराष्ट्रात हा प्रश्न २०२४ मध्ये ऐरणीवर आला. चेंबूरच्या एन. जी. आचार्य आणि डी. के. मराठे महाविद्यालयाने हिजाब, बुरखा, नकाब, टोपी व बिल्ले यांना मनाई केली. नऊ विद्यार्थिनींची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २६ जूनला फेटाळली. वेशसंहिता सर्वांना सारखी लागू असून ती शैक्षणिक शिस्तीसाठी आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी व बिल्ल्यांवरील मनाईला अंतरिम स्थगिती दिली. वर्गातील बुरख्याबाबत सवलत दिली नाही. टिळा व टिकलीलाही मनाई करणार काय, असा प्रश्न खंडपीठाने सुनावणीत विचारला.

त्यापूर्वी, कर्नाटकातील हिजाबबंदीवर १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले होते. न्या. हेमंत गुप्ता यांनी गणवेशातील एकरूपता ग्राह्य धरली; न्या. सुधांशू धुलिया यांनी मुलींच्या शिक्षणाला अग्रक्रम दिला. नियम मोडणाऱ्याचे शिक्षणच थांबणार असेल, तर नियमाचे प्रयोजन अधिक काटेकोरपणे तपासावे लागते, हा या वादाचा गाभा आहे.