आफ्रिकेतले गोवेकर : एका घरातले तीन कागद

सालसेत-बारदेशात फिरताना एखादे मोठे, बंद घर दिसते आणि वाटेवरचा माणूस सांगतो, "ते आफ्रिकावाल्याचे." घर नैरोबीच्या पगारावर उभे राहिले, मुले लंडनला किंवा टोरांटोला गेली, आणि किल्ली शेजाऱ्याकडे राहिली. आपण मराठीत गोव्याचा इतिहास लिहितो तेव्हा पोर्तुगीज राजवट येते, मुक्तिलढा येतो, सार्वमत येते. हे बंद घर मात्र सहसा येत नाही. "ती ख्रिस्ती मंडळींची गोष्ट" म्हणून आपण ती बाजूला ठेवतो. माझ्या मते नागरिकत्व या शब्दाचा खरा अर्थ ज्यांना सगळ्यात आधी आणि सगळ्यात महाग पडून कळला, ते हेच गोवेकर.

1896 ते 1901 या काळात ब्रिटिशांनी मोंबासाहून आत व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे नेली. रूळ घालणारे मजूर बहुतेक पंजाबातले होते. पण राज्य चालवायला कारकून लागतात, आणि साहेबाला स्वयंपाकी, शिंपी आणि पाववाला लागतो. ही माणसे गोव्याने पुरवली. मुंबईत धोबीतलावच्या कुडात राहायचे, इंग्रजी शिकायचे आणि बोटीत बसायचे, हा ठरलेला रस्ता झाला. नैरोबीत डॉ. रोझेंदो आयरिश रिबेरो हे गोवेकर डॉक्टर झेब्ऱ्यावर बसून रोगी तपासायला जात. त्यांच्या देणगीतून उभी राहिलेली शाळा पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली.

गंमत अशी की तिथल्या सरकारी शिरगणतीत "भारतीय" हा एक रकाना असे आणि "गोवन" हा वेगळा. कारण सरळ होते. गोवेकर पोर्तुगालची प्रजा, म्हणजे युरोपातल्या एका देशाची. त्यांना स्वतःलाही हा वेगळा रकाना हवा होता. साहेबाच्या कचेरीत त्यामुळे थोडी वरची पायरी मिळे. क्लबही वेगळे, आणि त्या क्लबांतही कारकुनांचे निराळे, शिंप्यांचे निराळे. गावची उतरंड बोटीतून जशीच्या तशी उतरवून घेतली होती म्हणाना!

पण रकाना एक असला तरी कागद एक नव्हता. समजा, बाप गोव्यात जन्मला. तो पोर्तुगीज नागरिक. थोरला मुलगा मोंबासात जन्मला. मोंबासाचा किनारा कायद्याने झांझिबारच्या सुलतानाचा, ब्रिटिशांच्या फक्त संरक्षणाखाली. म्हणून हा मुलगा "ब्रिटिश संरक्षित व्यक्ती". मग बापाची बदली नैरोबीला झाली. नैरोबी 1920 पासून ब्रिटिश वसाहत. तिथे जन्मलेला धाकटा ब्रिटिश प्रजाजन. एकाच ताटात शितकडी जेवणाऱ्या तिघांचे तीन कागद. जोवर साम्राज्य होते तोवर या फरकाने कोणाचे काही अडले नाही.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. 28 मार्च 1962 च्या आदेशाने भारताने सांगितले, की 20 डिसेंबर 1961 पूर्वी ज्यांचा किंवा ज्यांच्या आईबापांचा वा आजी-आजोबांचा जन्म गोवा, दमण, दीव येथे झाला, ते त्या तारखेपासून भारताचे नागरिक. जुने नागरिकत्व राखायचे असेल त्याने महिन्याच्या आत लिहून द्यावे. पोर्तुगालने मात्र गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते 31 डिसेंबर 1974 च्या करारात. मधली तेरा वर्षे दोन देश एकाच माणसाला "आमचा" म्हणत होते. तिकडे मोझांबिकमध्ये सालाझारच्या सरकारने भारतीय नागरिकांना छावण्यांत कोंडले, त्यांची मालमत्ता गोठवली आणि पुढे त्यांना देशाबाहेर काढले. शेजारचा गोवेकर पोर्तुगीज कागदामुळे वाचला. कागदाचा एवढा फायदा पाहिल्यावर कागदावर विश्वास बसणारच.

12 डिसेंबर 1963 रोजी केनिया स्वतंत्र झाला. जो स्वतः केनियात जन्मला आणि ज्याच्या आईबापांपैकी एकजण तिथे जन्मला, तो आपोआप केनियाचा नागरिक. स्थायिक झालेल्या इतर ब्रिटिश कागदवाल्यांना अर्ज करायला दोन वर्षांची मुदत होती, 12 डिसेंबर 1965 पर्यंत. अर्ज करायचा तर दुसरे नागरिकत्व सोडायचे. 1962 च्या गणतीत केनियात सुमारे 1 लाख 76 हजार आशियाई होते. त्यांतल्या फार मोठ्या भागाने थांबून पाहायचे ठरवले. त्यांना दोष देणे सोपे आहे. नोकऱ्यांवर आफ्रिकी माणसे येणार हे दिसत होते, पेन्शनची काळजी होती, मुलांचे शिक्षण होते. "बघूया, ब्रिटिश पासपोर्ट आहेच की," हा विचार कोणत्याही संसारी माणसाने केला असता.

मुदत संपली. 1967 च्या कायद्यांनी केनियात परकीयांना कामासाठी परवाना आणि व्यापारावर बंधने आली. लोक ब्रिटनकडे निघाले. तेव्हा ब्रिटिश संसदेने अवघ्या तीन दिवसांत नवा कायदा उरकला. 1 मार्च 1968 पासून ब्रिटिश पासपोर्ट असूनही आत यायचे तर स्वतःचे, आईबापांचे किंवा आजोबांचे नाते ब्रिटनच्या भूमीशी दाखवावे लागे. बाकीच्यांसाठी वर्षाला 1,500 कुटुंबांपुरते परवाने. मानवी हक्कांच्या युरोपीय आयोगाने 1973 मध्ये ही वागणूक वंशभेदाची आणि अपमानास्पद ठरवली, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. 1972 च्या ऑगस्टमध्ये युगांडात इदी अमीनने 90 दिवसांची मुदत दिली. तिथे तर युगांडाचे नागरिकत्व घेतलेल्यांचेही कागद तपासणीत रद्द झाले. म्हणजे कागद न घेणारा बुडाला, आणि घेणाराही.

मग ज्यांनी "हाच माझा देश" म्हटले त्यांचे काय? पियो गामा पिंटो नैरोबीत जन्मले, भारतात शिकले, गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी झटले आणि अटक टाळण्यासाठी 1949 मध्ये केनियाला परतले. माऊ माऊ आंदोलनाला मदत केल्याबद्दल ब्रिटिशांनी त्यांना 1954 पासून काही वर्षे स्थानबद्धतेत ठेवले. स्वतंत्र केनियात ते खासदार झाले, आणि 24 फेब्रुवारी 1965 रोजी घराच्या फाटकाशी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय 37. नागरिकत्वाच्या मुदतीचे तेव्हा दहा महिने शिल्लक होते. त्या दिवशी किती घरांत भरलेला अर्ज पुन्हा कपाटात गेला असेल, याची कल्पनाच करावी.

जोसेफ मुरुंबींचे वडील गोवेकर व्यापारी, झुझार्ते आडनावाचे, आई मसाई. त्यांनी आईच्या बाजूचे नाव घेतले आणि 1966 मध्ये ते केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. फिट्झ डिसोझा संसदेचे उपसभापती झाले. अशी माणसे थोडी होती, पण त्यांना आपण कोण हे विचारण्यासाठी कोणत्या रकान्याची गरज पडली नाही.

आज गोव्यात लिस्बनच्या नोंदवहीत जन्म नोंदवण्यासाठी धडपड चालते. 1961 पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज कायद्याने तो रस्ता मिळतो. या रस्त्याने कितीतरी गोवेकर पोर्तुगालला न राहता थेट ब्रिटनला, स्विंडनसारख्या गावांत गेले. परदेशी नागरिकत्व घेतले की 1955 च्या कायद्याच्या 9व्या कलमाने भारतीय नागरिकत्व संपते, मग ओसीआय कार्डासाठी धावाधाव. पुढे ब्रेक्झिट आले, आणि ब्रिटनमधल्या त्याच गोवेकरांपुढे पुन्हा एक अर्ज आणि पुन्हा एक मुदत आली : 30 जून 2021. आफ्रिकावाल्यांच्या नातवंडांना ही भाषा ओळखीची वाटली असेल.

पोटासाठी जाणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. सोयीसाठी घेतलेला कागद सोयीपुरताच साथ देतो, एवढेच आफ्रिकेचा इतिहास सांगतो. आणि तो आणखी एक सांगतो, जे आपल्याला ऐकायला आवडत नाही. नैरोबीतला गोवेकर तीन पिढ्या राहूनही आफ्रिकी माणसाच्या नजरेत परकाच होता; काही त्याच्या स्वतःच्या वागण्याने, काही इतरांच्या. आज आपल्या गावात वीस-तीस वर्षे राहिलेला, रस्ते बांधणारा, मासळी बाजारात टोपल्या वाहणारा माणूस आपल्या तोंडी "भायलो"च असतो. त्याची मुले आपल्या शाळेत कोकणी-मराठी शिकतात. नैरोबीच्या त्या दोन भावांकडे निदान कुठल्या तरी राज्याचे कागद होते. या मुलांकडे भारताचा पक्का कागद आहे, तरी त्यांना आपले म्हणायला आपण अजून कोणत्या मुदतीची वाट पाहतो आहोत?