हातातल्या खेळयंत्राचा पूर्वेतिहास : सातारा, सांगली आणि नकलेची परंपरा

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत इलेक्ट्रॉनिक खेळांचा जो इतिहास घडला, तो मुख्यतः मूळ यंत्रांचा नव्हे, तर त्यांच्या नकलांचा इतिहास आहे. आणि जुने खेळ पुन्हा चालवण्याचे आश्वासन देणारी हातात मावणारी नवी यंत्रे बाजारात येत असताना त्यांच्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी, हे ठरवताना हा इतिहास लक्षात घ्यावा लागतो. अशा यंत्रांचा गाभा म्हणजे एम्युलेटर, म्हणजेच एखाद्या जुन्या यंत्राच्या प्रोसेसरचे, चित्र उमटवणाऱ्या चिपचे आणि ध्वनिचिपचे वर्तन नव्या यंत्रावर जसेच्या तसे वठवणारी आज्ञावली. ती जितकी मुळाबरहुकूम तितकी उत्तम, असे सर्वत्र मानले जाते. परंतु ज्या प्रदेशात मूळ यंत्र क्वचितच पोहोचले, तेथे मूळ कशाला म्हणायचे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

निन्तेंडो या जपानी कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिकॉम' हे घरच्या दूरदर्शनसंचाला जोडायचे खेळयंत्र जपानमध्ये विक्रीस आणले. त्यात आठ बिटांचा प्रोसेसर आणि अवघी दोन किलोबाइट कार्यस्मृती होती. भारतात ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध पूर्णपणे उठण्यास २००१ साल उजाडावे लागले, त्यामुळे १९९०च्या दशकात सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज येथील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जे 'टीव्ही गेम' मिळत, ते सामान्यतः फॅमिकॉमच्या रचनेवरून पूर्व आशियात बेतलेले संच असत. 'लिटल मास्टर', 'मीडिया' अशा नावांनी ते भारतभर विकले गेले. खेळ साठवलेल्या चिपच्या डबीला लोक 'कॅसेट' म्हणत आणि संचाची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या खोबणीत बसवून, चॅनल जुळवून 'मारिओ', 'कॉन्ट्रा' किंवा रणगाड्यांचा 'बॅटल सिटी' खेळत.

या नकला मुळाहून वेगळ्या होत्या आणि त्यांचे वेगळेपण मोजता येण्याजोगे आहे. जपानी दूरदर्शन पद्धतीत सेकंदाला सुमारे ६० चित्रे उमटत, तर भारताने स्वीकारलेल्या 'पाल' पद्धतीत ५० उमटत. खेळाची चाल चित्रांच्या मोजणीवर बांधलेली असल्याने पाल संचांसाठी घडवलेल्या यंत्रांत तोच खेळ सुमारे एक षष्ठांशाने संथ चाले. निन्तेंडोने युरोपसाठी काढलेल्या अधिकृत पाल यंत्रात प्रोसेसरचा वेगही उतरवलेला असल्याने स्वर खाली येत. नकली पाल यंत्रांच्या घडणाऱ्यांनी मात्र प्रोसेसरचा वेग मूळ जपानी यंत्राच्या जवळपास राखला, त्यामुळे त्यांत लय संथ झाली तरी स्वराची पट्टी जवळजवळ तीच राहिली. त्याशिवाय अनेक नकली ध्वनिचिपांत दोन प्रकारच्या स्वरलहरींची अदलाबदल झालेली होती, त्यामुळे त्याच धुनेचा पोत निराळा ऐकू येई. ज्या मुलांनी हे खेळ अशा संचांवर खेळले, त्यांच्या कानांत बसलेले संगीत हेच होते, आणि मूळ जपानी यंत्राचे काटेकोर अनुकरण त्यांना परके वाटले तर त्यात नवल नाही.

म्हणूनच नव्या यंत्राबाबतची पहिली अपेक्षा अशी ठरते की, त्यातील एम्युलेटरला जपानी, युरोपीय आणि नकली पाल अशा तिन्ही कालमापनांची निवड देता यावी. शेवटच्या प्रकाराला रशियात गाजलेल्या नकली यंत्राच्या नावावरून 'डेंडी' असे म्हटले जाते आणि काही एम्युलेटरांत ती सोय आहेही. परंतु ५० चित्रांचा खेळ सेकंदाला ६० वेळा ताजा होणाऱ्या पडद्यावर दाखवला, तर दर पाच चित्रांमागे एक चित्र दोनदा उमटते आणि हालचालीला बारीक हिसके बसतात. त्यामुळे केवळ आज्ञावली चांगली असून भागत नाही, पडद्याचा वेगही बदलता यावा लागतो. संचासोबत मिळणाऱ्या बंदुकीचे अनुकरण याहून अवघड आहे, कारण ती जुन्या काचेच्या चित्रनळीवरील प्रकाशाच्या क्षणिक उजळण्यावर चालत असे. हातातल्या सपाट पडद्यावर नेम धरण्याऐवजी बोटाने स्पर्श करण्यावरच समाधान मानावे लागते.

हातात धरून खेळण्याची सवय मात्र या भागाला टीव्ही गेमने नव्हे, तर 'ब्रिक गेम'ने लावली. अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यात मॉस्कोत रचलेल्या 'टेट्रिस'च्या धर्तीवर, दहा बाय वीस चौकटींच्या पडद्यावर विटा रचण्याचा हा खेळ यात्रा-जत्रांतील खेळण्यांच्या दुकानांपर्यंत पोहोचला. त्याच्या वेष्टनावर ९,९९९ खेळांचा दावा छापलेला असला तरी प्रत्यक्षात मोजकेच खेळ वेग आणि पातळी बदलून पुन्हा पुन्हा मोजलेले असत. त्याचे खरे बळ पेन्सिल सेलवर चालण्यात होते. १,९६० मेगावॅट क्षमतेच्या कोयना जलविद्युत प्रकल्पाचे धरण ज्या सातारा जिल्ह्यात उभे आहे, तेथील गावांनाही २००५ नंतरच्या वर्षांत राज्यभराप्रमाणे दीर्घ भारनियमन सोसावे लागले, आणि अशा काळात वीज गेल्यावरही चालू राहणारा खेळ हीच हातातल्या यंत्राची सर्वांत मोठी उपयुक्तता ठरली.

पुढे ही जागा मोबाइलने घेतली. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० मधील सापाचा खेळ शेतकऱ्यांच्या घरांतही पोहोचला. त्यानंतर जावा या आज्ञावलीभाषेतील खेळ मोबाइलच्या दुकानात गाण्यांसोबत मेमरी कार्डात भरून मिळू लागले. याच सुमारास स्वस्त चिनी हँडसेटही आले, आणि त्यांपैकी अनेकांत फॅमिकॉमचे खेळ चालवणारा एम्युलेटर आधीच घातलेला असे. ३० नोव्हेंबर २००९ नंतर ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, नसलेल्या हँडसेटची सेवा देशभर बंद करण्यात आल्याने त्यांतील बरेच फोन निकामी झाले. तरीही एम्युलेटर हा शब्द ठाऊक होण्यापूर्वीच ती वस्तू या भागातील अनेक तरुणांच्या खिशात येऊन गेली होती, ही नोंद या इतिहासात महत्त्वाची आहे.

कायद्याची बाजूही येथे विचारात घेतली पाहिजे. अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात एम्युलेटर घडवण्यासाठी केलेला मूळ आज्ञावलीचा अभ्यास न्याय्य ठरवला. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ संगणक आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला सुरक्षिततेसाठी जादा प्रत करण्याची मुभा देते. इतरांच्या खेळांच्या प्रती वाटण्याची मुभा त्यातून मिळत नाही. म्हणून हजारो खेळ भरून विकल्या जाणाऱ्या यंत्रापेक्षा, मालकाने स्वतःजवळच्या कॅसेटमधून काढलेली प्रत नीट चालवणारे यंत्र अधिक विश्वासार्ह मानावे.

या दोन जिल्ह्यांतील कॅसेटी, ब्रिक गेम आणि जावा खेळांची मेमरी कार्डे आज माळ्यांवर आणि भंगारात झपाट्याने नष्ट होत आहेत, आणि ज्या वस्तूची नोंदच उरली नाही, तिचे अनुकरण कोणतीही आज्ञावली करू शकत नाही. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय यांसारख्या संस्थांतील विद्यार्थ्यांनी त्यांतील चिपांची मोजमापे, ध्वनी आणि कालमापन नोंदवून ठेवले, तर येणाऱ्या यंत्रांच्या निर्मात्यांना पश्चिम महाराष्ट्रात खरोखर खेळला गेलेला खेळ पुन्हा उभा करता येईल.